आधी विषय, मग साचा

राजाजीनगरात बदलीवर आलेल्या आमच्या अधिकारीबंधूंपैकी कोणास जुन्या नाण्यांचा नाद आहे, कोणास नाट्यसंगीताचा. हा छंद इंटरनेटवरून चार लोकांपुढे मांडावा, अशी इच्छा त्यांना होते, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु पहिलाच प्रश्न असतो, 'हल्ली लोक काय पाहतात?' आणि उत्तर ठरलेले: व्हिडिओ! या मेंढरी वृत्तीचा आम्ही निषेध करतो.

जोतीराव फुले एकाच साच्याला चिकटून राहिले नाहीत. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले, १८६९ साली शिवछत्रपतींचा पोवाडा रचला आणि १८७३ साली 'गुलामगिरी' संवादरूपाने मांडली. पोवाडा निरक्षरासही समजतो. संवादात शंकेला उत्तर मिळते. पुढे १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले, तेव्हा महाराष्ट्राला नुसते कान पुरले.

तात्पर्य उघड आहे. नाट्यपद ऐकवावे, पुरणपोळी लाटण्याची हातोटी दाखवावी, नाण्यावरील अक्षरांचा वाद मात्र छायाचित्रासह लिहूनच मांडावा, कारण वाचक थांबतो, मागे वळतो, पडताळून पाहतो.

साचा चुकला तर केवळ रसहानी होते असे नव्हे. कॅमेऱ्यापुढे संकोचणारा जाणकार मुकाच राहतो आणि त्याची तीस वर्षांची विद्या त्याच्याबरोबरच लोपते. ज्यास बोलता येत नाही त्याने लिहावे, लिहिता येत नाही त्याने बोलावे. पण लोकरूढीच्या धाकाने गप्प बसू नये!