'सरकारी काम' आणि घराचे अंगण

खोपोलीला मोठी बांधकामे नवी नाहीत. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला, टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्णत्वास गेला. विकासाला आमचा विरोध नाही. परंतु सरकारने काम दिले म्हणजे शेजारची जमीनही दिली, या कंत्राटदारी समजुतीला मात्र विरोध केलाच पाहिजे. परसात खडी टाकायची, कुंपण मोडून ट्रकला वाट करायची आणि विचारणाऱ्याला 'सरकारी काम आहे' असे ऐकवायचे, ही रीत जुनीच आहे. घाटमाथ्यावर मुळशीतही रीतसर संपादनाआधीच धरणासाठी शेतात चर खणले गेले होते. १६ एप्रिल १९२१ रोजी तेथे सत्याग्रह सुरू झाला.

समाजवाद्यांनी खासगी मालमत्तेची वकिली का करावी, असे कोणी विचारील. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला, हे खरे. पण त्याच दुरुस्तीने आलेले कलम ३००-अ सांगते की, कायद्याच्या आधाराविना कोणाचीही मालमत्ता हिरावता येणार नाही. शिवाय फुकट वापरलेल्या जागेचे वाचलेले भाडे समाजाच्या तिजोरीत जात नाही. ते कंत्राटदाराच्या नफ्यात जाते. गरिबाने धनिकाला दिलेले ते सक्तीचे अनुदान होय.

कायदाही येथे केवळ मालकाचा विचार करीत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १२ नुसार, संपादनपूर्व पाहणीसाठी घरात किंवा घरालगतच्या बंदिस्त अंगणात शिरायचे, तर सरकारी अधिकाऱ्यालाही तेथे राहणाऱ्याची संमती किंवा त्याला सात दिवसांची लेखी सूचना आवश्यक आहे. मग कंत्राटदाराची काय कथा! विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे, बेकायदा हुसकावलेल्या माणसाला मालकी सिद्ध न करताही ताबा परत मागता येतो. हा दावा सरकारविरुद्ध चालत नाही; खासगी कंत्राटदाराविरुद्ध चालतो. मुदत मात्र सहाच महिन्यांची.

कर्जत-खालापुरातील ज्या कातकरी कुटुंबांची घरे दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत, त्यांच्यासाठी हा भेद जीवनमरणाचा आहे. सातबारावर नाव नाही म्हणून ती गप्प बसतात आणि मुदत टळते. कार्यकर्त्यांनी वाडीवाडीत जाऊन घरे व अंगणे यांची नोंद करावी, छायाचित्रे व पंचनामे जपावेत, आणि आलेल्या प्रत्येक कंत्राटदाराला आधी एकच गोष्ट मागावी : लेखी आदेश.