वाय-फायची किल्ली कोणाकोणाच्या खिशात?



वाय-फायचा पासवर्ड एकदा फोनमध्ये टाकला, की पुढे वर्षानुवर्षे कोणी त्याचे नाव काढीत नाही. पेढीवर येताच फोन आपोआप जोडला जातो, बिले निघतात, हिशेब चालतो. मग एके दिवशी गोदामात नवा कॅमेरा बसवावयास आलेला कारागीर विचारतो, "शेठजी, पासवर्ड सांगा," आणि गादीवरची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. ज्या चिरंजीवांनी तो ठेवला ते शिक्षणासाठी परगावी असतात. जोडणी करून देणारा माणूस दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो. मुनीमजींच्या वहीत जो लिहिलेला सापडतो, तो मागच्या राउटरचा निघतो.

अशा वेळी घाईघाईने दोन उपाय सुचविले जातात. कोणी म्हणतो, राउटरचे बटण दाबून तो रिसेट करा. कोणी म्हणतो, पासवर्ड शोधून देणारे एखादे अ‍ॅप उतरवून घ्या. हे दोन्ही उपाय टाळावेत, कारण पासवर्ड बहुधा आपल्याच फोनमध्ये जपलेला असतो आणि तो दोन मिनिटांत पाहता येतो. मात्र जसा तो आपल्या खिशात आहे, तसाच तो आणखी कितीतरी खिशांत आहे. म्हणून तो कसा पाहावा हे सांगतानाच, तो कोणाकडे असावा याचाही विचार येथे करावयाचा आहे.

आज बहुतेक घरांतील वाय-फायला २००४ साली आलेल्या डब्ल्यूपीए-२ या पद्धतीचे, किंवा २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए-३ या पद्धतीचे संरक्षण असते. जोडणी होताना फोन आपला पासवर्ड हवेतून उघडपणे पाठवीत नाही; तो आपल्याला ठाऊक आहे, एवढेच तो गणिताने राउटरला पटवून देतो. दररोज हे पटवून द्यावयाचे, तर किल्ली फोनजवळ असलीच पाहिजे. म्हणून आपण विसरलो, तरी फोन विसरत नाही.

फोनमधून पासवर्ड कसा पाहावा

प्रथम अँड्रॉइड फोन घेऊ. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून ही सोय फोनमध्येच आहे. 'सेटिंग्ज' उघडून 'नेटवर्क अँड इंटरनेट' आणि तेथून वाय-फायच्या यादीत जावे. आपल्या नेटवर्कच्या नावासमोर दातेरी चाकाचे चिन्ह असते, ते दाबून 'शेअर' निवडावे. फोन बोटाचा ठसा किंवा पिन मागतो. तो दिल्यावर पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड दिसतो आणि पुष्कळ फोनांत त्याच्याच खाली पासवर्ड अक्षरांत लिहिलेला असतो. कंपनीपरत्वे मार्ग थोडा बदलतो. काही फोनांत वाय-फायची यादी 'कनेक्शन्स' या नावाखाली असते, तर काहींत जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर बोट ठेवताच कोड उमटतो.

काही फोन केवळ कोड दाखवितात, अक्षरे दाखवीत नाहीत. त्यानेही अडत नाही. नवा फोन जोडावयाचा असेल, तर त्याच्या कॅमेऱ्याने तो कोड वाचला की काम झाले. कॅमेरा किंवा प्रिंटर यांच्यासाठी अक्षरेच हवी असतील, तर कोडाचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो गूगल लेन्सने वाचावा. स्क्रीनशॉट निघत नसेल, तर दुसऱ्या फोनने छायाचित्र घ्यावे. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निर्माण झाला. आपल्या गल्ल्यावर पैसे घेण्यासाठी लावलेला कोड त्याच जातीचा आहे. वाय-फायच्या कोडात नेटवर्कचे नाव, संरक्षणाची पद्धत आणि पासवर्ड हे ओळीने लिहिलेले असतात. इंग्रजी 'पी' आणि विसर्गासारखी दोन टिंबे यांच्यानंतर जे येते, ते अर्धविरामापर्यंत वाचावे, तोच पासवर्ड. काम संपताच तो स्क्रीनशॉट पुसून टाकावा. अन्यथा सहलीच्या छायाचित्रांबरोबर तोही नातेवाइकांच्या गटात जाऊन बसतो.

आयफोनमध्ये ही सोय सप्टेंबर २०२२ च्या आयओएस १६ पासून मिळाली. 'सेटिंग्ज'मधील 'वाय-फाय' उघडून, नेटवर्कच्या नावापुढील वर्तुळातील 'आय' दाबावे. 'पासवर्ड' या ओळीत ठिपके दिसतात. त्यांवर बोट ठेवून चेहरा, ठसा किंवा पासकोड दिला, की ठिपक्यांच्या जागी अक्षरे येतात. घरी बसून दुकानाचा पासवर्ड हवा असेल, तर वाय-फायच्या यादीच्या पडद्यावर वर उजवीकडील 'एडिट' दाबावे. पूर्वी जोडलेल्या सर्व नेटवर्कांची यादी उघडते. अँड्रॉइडमध्येही 'सेव्ह्ड नेटवर्क्स' या नावाने अशी यादी असते.

फोनमध्ये सापडला नाही तर

फोन जुना असेल, तर बिले काढण्याच्या संगणकाकडे वळावे. तो वाय-फायवर चालत असेल, तर किल्ली त्याच्याजवळही असते. विंडोजच्या 'कंट्रोल पॅनेल'मधील 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर' उघडावे. तेथे नेटवर्कच्या नावावर टिचकी देऊन 'वायरलेस प्रॉपर्टीज' आणि त्यातील 'सिक्युरिटी' या भागात जावे. 'शो कॅरॅक्टर्स' समोरील चौकटीत खूण केली, की पासवर्ड दिसतो. तेथेही नसेल, तर राउटर उलटा करून तळाचा कागद वाचावा. पहिल्यापासून तो कोणी बदललेला नसेल, तर कारखान्यातून आलेला पासवर्ड त्यावरच छापलेला असतो.

रिसेटचे बटण अगदी शेवटी. टाचणीने ते काही क्षण दाबून धरले, की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. फायबर जोडणीत इंटरनेट देणाऱ्या कंपनीने त्यात भरलेली माहितीही त्याबरोबर पुसली जाऊ शकते. मग कंपनीचा माणूस येईपर्यंत इंटरनेट नाही, आणि संगणक, कॅमेरे, प्रिंटर या सर्वांची जोडणी पुन्हा एकेक करून करावयाची. सणाच्या गर्दीत दुकानदाराला हे परवडणारे नाही.

याच कारणास्तव जुना पासवर्ड हाती असणे फार मोलाचे ठरते. राउटर बिघडला आणि नवा आणावा लागला, तर त्याला जुन्याचेच नाव आणि जुनाच पासवर्ड, एकही अक्षर न बदलता, द्यावा. संरक्षणाची पद्धतही तीच ठेवली, की जुने कॅमेरे, प्रिंटर आणि फोन नव्या राउटरला जुनाच समजून सामान्यतः आपोआप जोडले जातात.

आता अ‍ॅपविषयी. फोन ज्या कप्प्यात पासवर्ड ठेवतो, तो साध्या अ‍ॅपला उघडता येत नाही. त्यासाठी फोनचे मूळ संरक्षण मोडावे लागते, आणि ज्या फोनवरून आपण बँकेचे व्यवहार करतो तो असा मोडू नये. 'आसपासचे पासवर्ड दाखवितो' असे म्हणणारी अ‍ॅप्स बहुधा लोकांनी स्वतःहून दिलेले पासवर्ड गोळा करून इतरांना दाखवितात. तेथे शोधावयास गेलेला माणूस आपलाच पासवर्ड देऊन परत येण्याचा संभव अधिक.

किल्ली कोणाकडे आहे?

येथवरची माहिती सोयीची होती. परंतु जी सोय आपल्याला आहे, तीच पेढीवर जोडल्या गेलेल्या प्रत्येकाला आहे. गुमास्ता, हमाल, माल पोहोचविणारा मुलगा, दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेला संगणकावरचा कारकून, अशा ज्यांचे फोन कधीतरी जोडले गेले, ते सर्व आज शांतपणे 'शेअर' दाबून तो कोड तिसऱ्याला दाखवू शकतात. त्यांच्या मनात कपट असेलच असे नाही, त्यांनी तो मागून घेतला असेही नाही. आपणच तो दिला आणि विसरलो. शिवाय अँड्रॉइड फोनच्या गूगल खात्यात वाय-फायचे पासवर्डही जतन होतात. जुना फोन विकला तरी किल्ली नव्या फोनात उतरते. तिजोरीची चावी नोकरी सोडताना परत घेतली जाते. या चावीची कोणी आठवणही काढीत नाही.

यात बिघडले काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. थोडेसे इंटरनेट कोणी वापरले तर वापरले! परंतु इंटरनेटवर जे केले जाते, त्याचा माग प्रथम जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारी येतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. तपास नवी मुंबईत सानपाडा येथे राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाच्या वाय-फायपर्यंत पोहोचला आणि त्याला चौकशीला सामोरे जावे लागले. त्याचे वाय-फाय वापरून तो मेल दुसऱ्यांनीच धाडला होता. त्याच वर्षी पुढे माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधील एका कंपनीच्या वाय-फायचा असाच गैरवापर झाला. दाराला कडी नसली, की चोराच्या पावलांचे ठसे आपल्याच अंगणात उमटतात.

यासाठी घाबरून जाण्याचे कारण नाही. व्यापारी घरांना जी शिस्त किल्ल्यांच्या बाबतीत ठाऊक आहे, तीच येथे लावावयाची आहे.

बहुतेक नव्या राउटरांत 'गेस्ट नेटवर्क' म्हणून पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क सुरू करता येते. ग्राहक, पाहुणे आणि कामावरची मंडळी यांना तेच द्यावे. बिलांचा संगणक, कॅमेरे आणि घरच्यांचे फोन मुख्य नेटवर्कवर राहू द्यावेत. माणूस काम सोडून गेला, तर पाहुण्यांच्या नेटवर्कचा पासवर्ड बदलावा. कॅमेऱ्यांना हात लावावा लागत नाही. आजवर मुख्य पासवर्ड अनेकांना दिला गेला असेल, तर सवडीचा एक दिवस काढून तोही एकदा बदलून घ्यावा.

पासवर्ड ठेवताना दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर, पेढीचे नाव किंवा एक ते आठ हे आकडे वापरू नयेत. डब्ल्यूपीए-२ मध्ये ८ पासून ६३ पर्यंत अक्षरे चालतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी लिपीत सलग लिहिले, तर ते घरच्यांच्या लक्षात राहतात आणि परक्याला सुचत नाहीत.

घरातील प्रत्येक फोनला कुलूप असावे. कुलूप नसलेल्या अँड्रॉइड फोनवर 'शेअर' दाबताच विनाविचारणा कोड पुढे येतो. वडीलधाऱ्यांचे फोन सोयीसाठी पुष्कळदा असेच उघडे ठेवलेले असतात.

आणि हीच विद्या दुसऱ्याच्या नेटवर्कवर चालवू नये. शेजारच्या पेढीवाल्या भाऊंनी अडचणीच्या दिवशी विश्वासाने आपला फोन त्यांच्या वाय-फायला जोडून दिला असेल, तर ते इंटरनेट आपल्यापुरते दिलेले आहे. त्यांचा पासवर्ड उघडून चिरंजीवांना किंवा नोकरांना वाटणे फोनला शक्य असले, तरी त्यांनी ते दिलेले नाही. न दिलेले घेऊ नये, हे आपल्या घरांत वेगळे शिकवावे लागत नाही.

शेवटी एक नाजूक गोष्ट. कित्येक घरांत सर्व किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला असतात. वाय-फाय, कॅमेरे, हिशेबाचा संगणक, सारे त्यांनाच ठाऊक. तो माणूस रुग्णालयात दाखल झाला किंवा आपल्यातून गेला, की त्यांचा फोन कुलूपबंद राहतो आणि दुःखाच्या दिवसांत घरच्यांना कारागिरापुढे हतबल उभे राहावे लागते. अशा वेळी संगणक, दुसऱ्या कोणाचा जोडलेला फोन आणि राउटरच्या तळाचा कागद या क्रमाने शोध घ्यावा. पण शोधाची पाळीच येऊ नये, हे आज आपल्या हाती आहे. नेटवर्कचे नाव, पासवर्ड, राउटर कोणत्या कंपनीचा, जोडणी कोणाच्या नावावर आणि तारीख, एवढे एका कागदावर लिहावे. गल्ल्यामागच्या भिंतीवर तो न चिकटवता पाकिटात घालून तिजोरीत ठेवावा. तो कोठे आहे हे घरातील निदान दोघांना ठाऊक असावे, आणि त्यांतील एक घरातील भगिनी असावी. दुपारी कॅमेरेवाला येतो तेव्हा पुष्कळदा घरी त्याच असतात. दरवर्षी वहीपूजनाच्या दिवशी तो कागद काढून पाहावा. पासवर्ड बदलला असेल तर नवा लिहावा, आणि वर्षभरात तो कोणाकोणाला दिला याची त्याच बैठकीत उजळणी करावी.