नळाला परवाना लागतो, ओढ्याला नाही

पुण्यात घरासाठी महापालिकेचा नळजोड घ्यायचा तर परवानाधारक प्लंबर गाठावा लागतो. विजेचे वायरिंग करायचे तर परवाना असलेला विद्युत कंत्राटदार लागतो. इमारतीच्या नकाशावर आर्किटेक्टची सही हवी, स्ट्रक्चरल इंजिनिअरचीही हवी. अर्ध्या इंची नळाबाबत इतकी काटेकोर असलेली आपली व्यवस्था वाहत्या ओढ्यापाशी आली की एकदम उदार होते. ओढ्यावर मोरी बांधायची, काठाला सीमाभिंत घालायची, पात्र 'सरळ' करायचे, तळ्यातला गाळ उपसायचा, तर ठेकेदाराची नोंदणी पाहिली जाते, त्याची आर्थिक पत पाहिली जाते, निविदेतला दर पाहिला जातो. पाण्याची चाल ओळखता येते का, हे मात्र कोणी विचारत नाही. ना ठेकेदाराच्या सुपरवायझरला, ना एस्टिमेट करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला, ना सल्लागार कंपनीने पाठवलेल्या नवख्या पदवीधराला. शहराच्या पुराबद्दल बोलताना आपण निधी, अतिक्रमणे आणि नालेसफाई या तीन शब्दांपलीकडे सहसा जात नाही. चौथा शब्द प्रशिक्षण हा आहे, आणि तो नसल्यामुळे पहिल्या तिघांवरचा खर्च बऱ्याच अंशी वाहून जातो, असे माझे म्हणणे आहे.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याने जे केले ते पुणेकर विसरलेले नाहीत. कात्रजच्या डोंगरावर पडलेला पाऊस काही तासांत सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल असा धडकत गेला. भिंती कोसळल्या, माणसे गेली, मोटारी एकमेकींवर चढल्या. पुणे शहर आणि जिल्ह्यात त्या पावसाने वीसहून अधिक बळी घेतले. या ओढ्याचा इतिहास पाहिला तर त्या रात्रीचे नवल वाटत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला याच पाण्यावर तलाव बांधून शहरात नळ आणला गेला, आणि पर्वतीच्या पायथ्याशी ओढा अडवून तळे केले गेले. ते तळे पुढे कोरडे पडले, तिथे सारसबाग झाली. तिथल्या गणपतीला मात्र लोक आजही 'तळ्यातला गणपती' म्हणतात. नाव राहिले, तळे गेले, आणि तळे गेले म्हणजे पुराचे पाणी क्षणभर टेकण्याची जागाही गेली. पेशव्यांनी पुराचा हिशेब करून तळे बांधले असे मला म्हणायचे नाही, ते पाण्यासाठी आणि शोभेसाठी होते. पण ओढ्याच्या वाटेवरचे कोणतेही तळे पुराचा जोर थोडा तरी मोडते, हे हायड्रॉलिक्सचे साधे सत्य आहे.

2019 नंतर आपण काय केले? सीमाभिंती बांधल्या, मोऱ्या मोठ्या केल्या, आणि 2021 च्या जूनमध्ये दांडेकर पुलाजवळ ओढ्याचे पात्र सरळ करण्यासाठी भर पावसाळ्यात झोपड्या पाडायला यंत्रणा गेली. घरे पाडण्याच्या न्याय-अन्यायाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू, जरी तो बाजूला ठेवण्याजोगा नाही. निव्वळ पाण्याच्या अंगाने पाहिले तरी प्रश्न उरतो. वळणावळणाने जाणारा ओढा सरळ केला आणि दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत घातली की पाणी वेगाने पुढे सरकते. वरच्या गल्लीची सुटका होते आणि खालच्या पुलापाशी तेच पाणी आधीपेक्षा लवकर आणि एकदम येऊन थडकते. भिंत कधीच बांधू नये असे नाही. काही ठिकाणी तिला पर्याय नसतो. पण भिंत बांधण्याआधी खालच्या तीन पुलांचे गणित मांडले पाहिजे, हे ज्याला शिकवलेले आहे त्यालाच सुचते.

हे गणित फार अवघड नाही. एक हेक्टर जमिनीवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 5 लाख लिटर पाणी होते, म्हणजे सोसायट्यांना उन्हाळ्यात मिळतात तसे दहा हजार लिटरचे 50 टँकर. त्या जागी गवताची, झाडोऱ्याची जमीन असेल आणि पावसाचा तीन दशांश भाग वाहून जात असेल, तर ओढ्यात 15 टँकर येतील. तिथेच छपरे, पार्किंग आणि पेव्हिंग ब्लॉक झाले की 45 येतील, आणि तेही अर्ध्या वेळात. 'किती भाग वाहून जाईल' हा आकडा एस्टिमेट करणारा अभियंता पुस्तकातल्या तक्त्यातून उचलतो. डोंगरउतार पुढच्या दहा वर्षांत इमारतींनी भरणार आहे की नाही, हे त्याने तो आकडा उचलताना पाहिले पाहिजे. मोरीच्या तोंडातून आडवी गेलेली जलवाहिनी आणि केबल मोरीचा किती भाग खाते, राडारोडा कुठे अडकतो, चेंबरची जाळी रस्त्याच्या पातळीच्या वर राहिली आहे का, हे जागेवर चालल्याशिवाय कळत नाही. स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीत सूत्र शिकवले जाते, पण ओढा चालून दाखवला जात नाही. आणि देशात पावसाळी निचऱ्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय नियमपुस्तिका आली तीच मुळी 2019 मध्ये. त्याआधी हा विषय सांडपाण्याच्या पुस्तकातले एक प्रकरण होता. आज मोठ्या हुद्द्यावर असलेल्या बहुतेक अभियंत्यांचे शिक्षण त्या प्रकरणावर झालेले आहे. दरम्यान 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे शहरात आली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे ओढेही आले.

पाणथळीचे तर त्याहून बिकट. ओढ्याचा किमान पूर तरी दिसतो. पाणथळ जागा म्हणजे पडीक, डासांची, 'विकसित' व्हायची राहिलेली जागा असाच सर्वसाधारण समज. पुनरुज्जीवनाच्या नावाखाली तळ्यावर जे चालते त्याचा साचा ठरलेला आहे: गाळ काढून तळ सारखा खोल करायचा, कडेने दगडी पिचिंग, वर जॉगिंग ट्रॅक, चार बाकडी, दिवे. यात तळ्याची सगळ्यात कामाची जागा नष्ट होते, ती म्हणजे काठाचा उथळ पट्टा. लव्हाळे आणि पाणकणीस तिथे उगवते, चिखलात चोच खुपसणारे पक्षी तिथे चरतात, येणारा गाळ तिथेच बसतो, मैल्यातले नत्र आणि स्फुरद तिथल्या मुळांपाशी आणि जिवाणूंपाशी थोडेफार अडते. तो पट्टा काढून टाकायचा आणि मग मैलापाण्यावर पोसलेली जलपर्णी काढण्यासाठी वर्षानुवर्षे टेंडर काढत राहायचे, हा व्यवहार पाषाण तलावाने पुरेसा पाहिला आहे. तलावात येणाऱ्या रामनदीतून मैला येतच राहिला तर जलपर्णी काढणारे यंत्र हा उपाय नसून उपजीविका आहे. कायद्याचा आधारही तोकडा आहे. 2017 च्या पाणथळ नियमांनी नदीपात्रे आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय व्याख्येबाहेर ठेवले आहेत. म्हणजे पुण्याचे जुने तलाव आणि नदीकाठची दलदल बहुतांशी त्या छत्रीबाहेर. येरवड्याच्या नदीकाठावरच्या ज्या जागेला आपण डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणतो, तिला कायद्याने अभयारण्याचा दर्जा नाही. कायद्याची भिंत नसते तिथे काम करणाऱ्याचे ज्ञान हाच काय तो आडोसा उरतो. अमेरिकेत एखादी जागा पाणथळ आहे की नाही हे ठरवण्यासाठी लष्कराच्या अभियंता दलाने 1987 मध्ये पुस्तिका काढली. पाणी, माती आणि वनस्पती या तिन्ही खुणा तपासायला लावणारी ती पद्धत शिकणे हा तिथे एक रीतसर व्यवसाय झाला आहे. आपल्याकडे भर उन्हाळ्यात जागा कोरडी दिसली की तिचा निकाल लागतो.

गंमत अशी की पाण्याचे शिक्षण देणाऱ्या संस्थांचा पुण्यात तुटवडा नाही. खडकवासल्याला 1916 पासूनची परंपरा असलेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, तिथेच केंद्रीय जल आयोगाची राष्ट्रीय जल अकादमी आहे. पाषाणला उष्णकटिबंधीय हवामान संस्था, शिवाजीनगरला हवामान विभाग, बाणेर रस्त्यावर अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी यशदा, आणि 1854 पासूनचे, आता विद्यापीठ झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पण यातल्या जलसंस्थांचा जन्म धरणे, कालवे आणि मोठ्या नद्यांसाठी झाला. दहा-पंधरा किलोमीटरचा शहरी ओढा धरणवाल्यांना लहान आणि ड्रेनेजवाल्यांना मोठा. तो कोणाच्याच अभ्यासक्रमात नीट बसत नाही. जे काम सरकारी संस्थांनी करायचे त्याचा एक भाग प्रकाश गोळे यांनी 1982 मध्ये स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने केला. निसर्गाचे व्यवस्थापन आणि पुनरुज्जीवन शिकवणारा तिचा अभ्यासक्रम पुण्यात अनेक वर्षे चालला. भूजलाच्या बाबतीत असेच काम 'अ‍ॅक्वाडॅम' या पुण्यातल्याच संस्थेने केले. म्हणजे शिक्षक आहेत, शिकवण्याची पद्धत आहे, आणि वर्गासाठी वाहता ओढा तर दारातच आहे. फक्त ज्याच्या हातात एस्टिमेटचा कागद आहे, त्याने या वर्गात बसलेच पाहिजे अशी सक्ती नाही.

हे प्रशिक्षण बाहेरून उसने आणूनही चालणार नाही. पाऊस जमिनीत शोषून घेणाऱ्या चीनच्या 'स्पंज सिटी'ची चित्रे आपल्याकडे मोठ्या हौसेने दाखवली जातात. पण पुणे बेसॉल्टवर वसलेले आहे. पाणी जिरते ते वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. खाली घट्ट कातळ लागला की शोषखड्डा भरून वर येतो. त्यामुळे एका पेठेत चालणारा उपाय पलीकडच्या टेकडीखाली फसू शकतो. कुठे पाणी जिरवायचे आणि कुठे दोन-तीन तास नुसते थोपवून हळूहळू सोडायचे, हा निर्णय खडक पाहून करावा लागतो. मैदान, उद्यान, वाहनतळ यांची पातळी फूटभर खाली ठेवून पाऊस तिथे थांबवणे हे दुसऱ्या प्रकारातले काम. त्याला फार खर्च नाही, पण बांधकामाच्या वेळी लेव्हल चुकली की सगळे फुकट. ही लेव्हल ठेवणारा मिस्त्री आणि सुपरवायझरही शिकलेला हवा.

याला पहिला आक्षेप येईल तो असा: अज्ञान हे दुखणेच नाही, दुखणे आहे ते हितसंबंधांचे. ओढ्याची पूररेषा सगळ्यांना ठाऊक असते. निळी रेषा, लाल रेषा नकाशावर असतात, तरी परवानग्या निघतात. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. मात्र तो अर्धाच खरा आहे. अज्ञान हे हितसंबंधांचे सर्वांत सोयीचे पांघरूण असते. आज एखादी मोरी तुंबली तर अभियंता म्हणतो पाऊस जास्त झाला, ठेकेदार म्हणतो नकाशात होते तसे बांधले, सल्लागार म्हणतो माहिती महापालिकेने दिली. प्रशिक्षित आणि नोंदणीकृत माणसाच्या सहीखाली हिशेब जोडलेला असेल, तर निदान चूक कोणत्या पानावर झाली हे न्यायालयाला आणि नागरिकाला दाखवता येईल. दबावाला नाही म्हणू पाहणाऱ्या कनिष्ठ अभियंत्यालाही 'नियमात बसत नाही' हे वाक्य उच्चारण्यासाठी हातात काहीतरी लागते.

दुसरा आक्षेप सरकारी प्रशिक्षणांचा अनुभव असलेले लोक घेतील: दोन दिवसांचे शिबिर, पाहुण्यांचा सत्कार, समूहछायाचित्र, प्रमाणपत्र. तसेच होणार असेल तर न केलेले बरे, हे मान्य. म्हणून प्रशिक्षणाची परीक्षा सभागृहात नको, कात्रज ते दत्तवाडी अशा प्रत्यक्ष वाटेवर हवी. प्रत्येकाने मे महिन्यात एक ओढा उगमापासून संगमापर्यंत चालावा, दर मोरीचे माप घ्यावे, हिशेब मांडावा, आणि पावसाळ्यात त्याच जागी पाण्याची खूण पाहून आपला हिशेब किती चुकला ते लिहावे. चूक मोजणे हाच यातला खरा अभ्यास आहे. बदल्या होतात, शिकलेला माणूस दुसऱ्या खात्यात जातो, ही अडचण उरते. पण नोंदी ओढ्याच्या नावाने ठेवल्या तर माणूस गेला तरी वही राहते.

तिसरे म्हणणे असे की ढगफुटीपुढे कोणाचे काही चालत नाही. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. तसला पाऊस वाहून नेणारी गटारे कोणतेच शहर बांधू शकत नाही. बरोबर आहे. पण 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, ते खडकवासल्यातून सोडलेल्या सुमारे 35 हजार क्युसेक विसर्गामुळे. धरणातल्या विसर्गाचा आकडा तो सोडणाऱ्याला माहीत असतो. कोणत्या आकड्याला कोणत्या सोसायटीच्या तळमजल्यात पाणी येते, याचा तक्ता तयार असणे आणि तो वाचता येणारा माणूस क्षेत्रीय कार्यालयात रात्री जागा असणे, यासाठी ढगफुटी थांबवावी लागत नाही.

पैशाचे कारणही पुढे करता येणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने शहरी पूर कमी करण्यासाठी ज्या सात महानगरांची निवड केली त्यात पुणे आहे, आणि पुण्याच्या वाट्याला 250 कोटी रुपये ठरवले होते. 44 किलोमीटर नदीकाठ सुधारण्याचा प्रकल्प तर हजारो कोटींचा आहे. अशा रकमांपुढे दोन-तीनशे अभियंत्यांच्या आणि तितक्याच सुपरवायझरांच्या वर्षभराच्या प्रशिक्षणाचा खर्च किरकोळ ठरतो. सुरुवात करायला नवा कायदाही नको. ओढा, तळे किंवा नदीकाठ यांना हात लावणाऱ्या प्रत्येक निविदेत एक अट घालावी: कामाच्या जागी पावसाळी निचऱ्याचे किंवा पाणथळीचे प्रशिक्षण पूर्ण केलेला माणूस हजर असेल, मोजमाप पुस्तिकेत त्याची सही असेल, आणि ती सही नसेल तर बिल निघणार नाही. ठेकेदार वर्गात कधी बसतील याची चिंता मग महापालिकेला करावी लागणार नाही.