पाटीवरचे असोसिएट्स

"हल्ली चांगली माणसं मिळतच नाहीत हो!" छोटं ऑफिस चालवणाऱ्या कुठल्याही सीएला 'काय, कसं चाललंय?' एवढंच विचारा, तिसऱ्या मिनिटाला हे वाक्य येतं. कामानिमित्त (टॅलीतला डेटा दुसऱ्या सिस्टिममध्ये ओढायचं रटाळ काम, त्याबद्दल पुन्हा कधीतरी) पुण्यातल्या अशा बऱ्याच ऑफिसांत माझं जाणं होतं आणि हे ऐकून ऐकून आता कान किटलेत. माझं म्हणणं सरळ आहे. माणसं मिळतात. यांना ती ठेवायची नसतात.

बाहेरची पाटी बघा. 'अमुक तमुक अँड असोसिएट्स, चार्टर्ड अकाउंटंट्स'. आत जाऊन असोसिएट कोण म्हणून शोधायला लागलात तर सापडतात एक सर, सरांच्याच वयाचे एक अकाउंटंट काका आणि आर्टिकलशिप करणारी चार-पाच पोरं-पोरी. प्रत्येक कागद शेवटी सरांच्या टेबलावर. सर जेवायला गेले की ऑफिस थांबलं. आणि अशा ठिकाणी बसून आपण 'फर्म वाढवायची आहे' म्हणतो!

सगळी गोम त्या आर्टिकलमध्ये आहे. आर्टिकल म्हणजे सीएचा अभ्यास करता करता उमेदवारी करणारा विद्यार्थी. किमान स्टायपेंड इन्स्टिट्यूट ठरवते. मोठ्या शहरातसुद्धा पहिल्या वर्षाला तो कित्येक वर्षं महिना १००० रुपये होता, नंतर वाढला. इतक्या स्वस्तात हात मिळतात म्हटल्यावर पगार देऊन माणूस ठेवायची सवयच लागत नाही. मग हा भावी सीए काय करतो? बँकेत जाऊन स्टेटमेंट आणतो, झेरॉक्स काढतो आणि क्लायंटला फोन करून "ओटीपी आला का?" विचारतो. माझा एक रूममेट अशाच एका ऑफिसात होता. पहिले आठ महिने त्याला बॅलन्स शीट लांबूनच दाखवली होती.

बरं, ही उमेदवारी पूर्वी तीन वर्षांची असायची. १ जुलै २०२३ पासून नव्याने लागणाऱ्यांना ती दोनच वर्षांची झाली. म्हणजे पोरगा कामाचा होईपर्यंत त्याची निघायची वेळ. तरीही ऑफिसचा सगळा डोलारा त्याच्याच खांद्यावर.

कामाचं स्वरूप तर केव्हाच बदललंय. २०१७ च्या जुलैत जीएसटी येण्याआधी अशी ऑफिसं बऱ्याच अंशी सीझनवर चालायची. जुलैत रिटर्न्सची गर्दी, सप्टेंबरात ऑडिटची, दोन महिने रात्री बारापर्यंत बसलं की दिवाळी मोकळी. आता मासिक रिटर्नवाल्या क्लायंटचं कॅलेंडर बघा. ७ तारखेला टीडीएस भरा, ११ ला जीएसटीआर-१, १४ ला टू-बी तयार होतं, २० ला थ्री-बी भरायचं. दर महिन्याला. चौदा ते वीस या सहा दिवसांत प्रत्येकाची खरेदीची बिलं टू-बीशी जुळवायची. ज्या बिलाचा कर टू-बीत दिसत नाही त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून पुरवठादाराच्या मागे लागावं लागतं. त्या आर्थिक वर्षाचं राहिलेलं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत (वार्षिक रिटर्न आधी भरलं तर तिथपर्यंतच) घेतलं नाही की ते पैसे बुडाले.

कोणाचे बुडाले? सरांचे नाहीत. भोसरीतल्या वर्कशॉपवाल्याचे. त्याने बिलं वेळेवर पाठवली होती, फीसुद्धा दिली होती. जुळवणी मात्र अशा पोराने केली की ज्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि ती तपासणार होते ते सर त्या आठवड्यात दुसऱ्या क्लायंटच्या नोटिशीत अडकले होते.

मग सरांना जाग येते ऑगस्टच्या शेवटी. "दोन पोरं अजून घ्या." आमच्या धंद्यात फ्रेड ब्रुक्स नावाच्या माणसाने १९७५ साली पुस्तक लिहून सांगितलं होतं की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर नवी माणसं टाकली की उशीर वाढतो, कारण काम येणारी माणसं नवीन लोकांना शिकवण्यात अडकतात. आमच्या मॅनेजर लोकांनाही ते अजून पटलेलं नाही, तर सीए लोकांना काय बोलणार :)

मग ठेवायचं कोणाला? इंटर पास झालेला, आर्टिकलशिप संपवलेला, पण फायनलला दोन-चार वेळा अडकलेला माणूस. असे लोक ढिगाने आहेत. घरी, नातेवाइकांत, लग्नाच्या बाजारात सगळीकडे त्यांच्यावर 'नापास' असा शिक्का बसलेला असतो आणि ऑफिसातले सरही त्याच शिक्क्याचा भाव पाडून पगार देतात. वास्तविक टू-बी, टीडीएस, फायनलायझेशन या माणसाच्या बोटांवर असतं. तसंच मूल झाल्यावर नोकरी सोडलेल्या सीए मुली. रिटर्न्स सगळी ऑनलाइन भरली जातात, पण काम मात्र टेबलासमोर बसूनच केलं पाहिजे हा हट्ट! अशा दोघांना वीस-वीस क्लायंट नावावर द्या. आर्टिकलने केलेलं काम आधी त्यांनी तपासायचं. सरांकडे फक्त अडलेलं जाईल.

निवडायचं कसं? इथे तर आनंदच आहे. "ओळखीतला आहे", "घरचे चांगले आहेत", "दहावीला किती?" अरे, एक खरं बँक स्टेटमेंट घ्या, नावं खोडा, लेजरमध्ये मुद्दाम चार चुका पेरा आणि उमेदवाराला दोन तास बसवा. किती चुका सापडल्या ते बघाच, पण न कळलेल्या नोंदीबद्दल त्याने प्रश्न विचारला की गुपचूप सस्पेन्सला टाकून मोकळा झाला, तेही बघा. दुसरा असेल तर मार्कलिस्ट कितीही गोड असो, नको.

परवडत नाही म्हणता? समजा सरांच्या एका तासाची किंमत १५०० रुपये धरली (कमीच धरलीय). रोज दोन तास ते आर्टिकलच्या चुका निस्तरतात. महिन्याचे २५ दिवस, ५० तास, ७५ हजार रुपये. एवढ्यात वर सांगितलेला माणूस सन्मानाने येईल आणि वर पैसे उरतील. ज्यांच्या हातात आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद गेले त्यांना हा हिशेब मी सांगायचा?

उरला शेवटचा, आणि खरा, आक्षेप. शिकवलं की जातो, आणि जाताना क्लायंट घेऊन जातो. जातो ना! दहा वर्षं काम त्याने केलं, फोन त्याने उचलले, नाव मात्र सरांचं, आणि पगारवाढ म्हणजे दिवाळीला मिठाईचा डबा. मीही गेलो असतो. मध्येच फायनल निघाली तर त्याला पार्टनर करा. एका सीएला वर्षाला ६० च्या वर टॅक्स ऑडिट करता येत नाहीत आणि फर्मच्या वतीने सही पार्टनरच करू शकतो, पगारी सीए नाही. म्हणजे एकसष्टावा क्लायंट दारात आला की दुसरा पार्टनर लागतोच. पण ती खुर्ची कोणासाठी राखून ठेवलेली असते? बारावी कॉमर्सला असलेल्या चिरंजीवांसाठी. चिरंजीवांना हॉटेल मॅनेजमेंट करायचंय. ऑफिसातल्या सगळ्यांना हे माहीत आहे, सर सोडून.