भीमेच्या माहेरची वाट

दिवाळी अंकासाठी यंदा काय लिहावे या विवंचनेत असतानाच जेऊरहून एका भगिनीचे पत्र आले आणि विषय आयताच मिळाला. जेऊर हे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातले, दौंड आणि कुर्डुवाडी यांच्या मधले रेल्वेचे स्टेशन. आसपास केळीच्या बागा, उसाचे फड, थोड्या अंतरावर उजनीचे अफाट पाणी. डोंगर म्हणाल तर औषधालाही नाही. अशा गावातून कुणी सह्याद्रीतल्या चार दिवसांच्या पायी सहलीबद्दल विचारावे याचे मला प्रथम नवल वाटले. पण पत्र पुरते वाचल्यावर नवल उरले नाही.

बाई लिहितात की त्यांचे सासरे, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, बासष्ट वर्षांचे आहेत. त्यांचे मूळ गाव भीमेच्या काठी होते आणि उजनीचे पाणी चढले तेव्हा ते बुडाले. धरण १९८० साली पुरे झाले. म्हणजे अण्णा तेव्हा शाळकरी पोर असणार. आज बागायत आहे ती त्याच पाण्यावर, म्हणून तक्रार करावी तर जीभ रेटत नाही. पण गेल्या वर्षापासून त्यांनी एकच धोशा लावला आहे: हे पाणी जिथून निघते ती जागा एकदा पायी जाऊन पाहायची. सोळा वर्षांचा नातू बरोबर यायला एका पायावर तयार आहे. मुलगा मात्र म्हणतो की या वयात जंगलात हिंडणे नको, दर्शन घ्यायचे तर सरळ मोटारीने जाऊ. अण्णांचा उजवा गुडघा उतरताना दुखतो, हेही बाईंनी प्रामाणिकपणे कळवले आहे. तेव्हा न्यावे की नाही, नेले तर कोणत्या वाटेने, आणि बरोबर काय द्यावे, असे तीन प्रश्न त्यांनी घातले आहेत.

न्यावे, असे माझे स्वच्छ मत आहे. मात्र वाट अण्णांच्या गुडघ्याला विचारून ठरवावी, नातवाच्या हौसेला विचारून नव्हे.

भीमाशंकरला पायी जाणारे बहुतेक लोक कर्जतच्या बाजूने, खांडस गावाहून चढतात. तिथे दोन वाटा आहेत. शिडी घाटाची वाट जवळची, पण कड्याला लावलेल्या शिड्यांवरून जाणारी. तिचे नाव या घरात काढूसुद्धा नये. गणेश घाटाची वाट सोपी म्हणतात, परंतु कोकणच्या तळापासून सगळा डोंगर चढायचा म्हणजे पाच-सहा तासांची दमछाक आहेच, शिवाय सुटीच्या दिवशी वर्दळही फार. तिसरी वाट पुणे जिल्ह्याच्या बाजूने, खेड तालुक्यातल्या भोरगिरीहून निघते. ती नदीच्या काठाकाठाने, बेताच्या चढणीने देवळापर्यंत जाते. अण्णांना नदीचे मूळ पाहायचे आहे ना? मग नदीचेच बोट धरून जावे हे बरे.

जेऊरहून पुण्याला रेल्वेने यावे. सगळ्याच गाड्या जेऊरला थांबत नाहीत, तेव्हा वेळापत्रक नीट पाहून घ्यावे. पुण्याहून राजगुरुनगर, म्हणजे जुने खेड, आणि तिथून वाड्यावरून भोरगिरी असा एस. टी.चा रस्ता आहे. राजगुरुनगर सोडल्यावर चासकमान धरणाचा जलाशय लागतो. तोही भीमेवरचाच. अण्णांना खिडकीपाशी बसवावे, एवढेच सांगतो.

पहिला मुक्काम भोरगिरीस करावा. गावाच्या डोक्यावर भोरगिरीचा लहानसा किल्ला आहे, त्याच्या पोटात कोरीव लेणी आहेत. खाली कोटेश्वराचे देऊळ आहे. पोहोचल्या दिवशी संध्याकाळी तेवढे पाहून पाय मोकळे करावेत आणि दुसऱ्या दिवसासाठी गावातला एखादा माहीतगार माणूस ठरवून टाकावा. त्याची मजुरी आधी बोलावी, आणि बोलताना घासाघीस करू नये. आपण मंडईत भाजी घ्यायला आलेलो नसतो. चार जिवांची जबाबदारी त्या माणसावर टाकत असतो.

दुसऱ्या दिवशी भोरगिरी ते भीमाशंकर. अंतर जेमतेम सात-आठ किलोमीटर. नातू एकटा असता तर दोन-अडीच तासांत पोहोचला असता, अण्णांसाठी पाच तास धरावेत. झाडी हळूहळू दाटत जाते आणि मग गुप्त भीमाशंकर लागते. उगमाजवळ नाहीशी झालेली नदी इथे पुन्हा प्रकट होते अशी श्रद्धा आहे. जेऊरजवळ जिचा पैलतीर धुक्यात दिसेनासा होतो, ती भीमा इथे एका ढांगेत ओलांडता येते. इथे घाई करू नये. जेवणाची शिदोरी इथेच सोडावी आणि अण्णांना हवा तेवढा वेळ बसू द्यावे.

पुढे देऊळ. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. शिखराचे काम नाना फडणविसांनी करविलेले, आणि देवळापुढची मोठी घंटा पोर्तुगिजांची, चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली त्या वेळच्या लुटीतली, असे सांगतात. महाशिवरात्र, श्रावणी सोमवार आणि शनिवार-रविवार टाळावेत. देवळाचे काम निघाले म्हणजे दर्शन बंद असते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशीही करावी. मुक्कामाची सोय इथे होते.

आता पत्र लिहिणाऱ्या बाईंना वाटेल, झाली यात्रा, आता परतावे. मी म्हणेन, एक दिवस अजून काढा. भीमाशंकरहून उत्तरेकडे कोंढवळच्या बाजूने आहुपे गावाकडे जंगलातून वाट जाते. गर्दी देवळापाशी संपते. या वाटेला दिवसभरात चार माणसे भेटली तर पुष्कळ. हे सारे रान १९८५ पासून अभयारण्य आहे. राज्याचा मानाचा प्राणी जो शेकरू, ती तांबूस अंगाची, हातभर शेपटीची मोठी खार, इथल्या उंच झाडांवर काटक्या-पानांचे घुमटासारखे घरटे बांधते. माना वर करून हळू चालले तर दिसते. पोरांनी आरडाओरडा केला तर दिसत नाही. आहुप्याजवळ देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेल्या त्या झाडांचे वाळलेले लाकूडही कुणी नेत नाही. आपणही पान तोडू नये.

या डोंगरात महादेव कोळी लोकांची वस्ती आहे. पावसाळ्यात खाचरांतून भात आणि एरवी हिरड्याची गोळाबेरीज, यांवर त्यांचा संसार चालतो. बाळहिरडा आपण वाण्याकडून पुडीत आणतो तो कुठून येतो, हे नातवाला इथे कळेल. आहुप्यात कुणाच्या घरी उतरता येते का याची चौकशी आधीच करून ठेवावी. न कळवता चार माणसांनी कुणाच्या चुलीपुढे जाऊन बसणे बरे नव्हे.

ही मजल पंधरा किलोमीटरांच्या वर आहे आणि गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की माहितगार माणसावाचून तिच्यात शिरू नये. मोबाईलवर नकाशा असतो हे मला ठाऊक आहे. पण रानात पुष्कळ ठिकाणी त्याला आवाज लागत नाही, आणि गुरे कुठल्या बाजूने उतरतात हे काही त्याला कळत नाही. सकाळी सहा-साडेसहाला निघावे आणि चारच्या सुमारास गावात असावे. कार्तिकात दिवस सहाला मावळतो; झाडीत त्याही आधी काळोख होतो.

आहुपे गाव अगदी कड्याच्या काठावर आहे. तिथून खाली कोकण दिसते आणि समोर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. आणि आता बाईंना एक गंमत सांगतो. आहुप्याच्या डोंगरात घोड नदी उगम पावते. ही घोड पूर्वेकडे वाहत जाऊन दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते. म्हणजे तिचेही पाणी शेवटी उजनीतच. अण्णा एका उगमाला निघाले खरे, पण चालता चालता ते आपल्या जलाशयाच्या दोन नद्यांची माहेरे पाहून येतील.

उतरण्याचे काय? आहुपे घाटाने खोपिवलीला उतरून म्हसे, मुरबाडवरून कल्याणला गाडी पकडता येते. घाट सुंदर आहे, जुना आहे, पण दोन-अडीच हजार फूट सलग उतार आहे. दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार अधिक छळतो हे बाईंनी स्वतःच लिहिले आहे. तेव्हा अण्णांनी घाट उतरायचा नाही. हे आहुप्यात पोहोचून ठरवायचे नाही. घरीच, सगळ्यांसमक्ष, अण्णांकडून कबूल करून घ्यायचे. कड्यावर उभे राहिल्यावर बासष्ट वर्षांचा माणूस सोळा वर्षांचा होतो आणि मग कुणाचे ऐकत नाही. त्यांनी आहुप्याहून एस. टी.ने घोडेगावला यावे, आणि मुलाने त्यांच्या सोबत असावे.

काळाविषयी दोन शब्द. पावसाळ्यात हे रान पाहण्यासारखे असते, पण जेऊरकडे वर्षभरात वीस-बावीस इंच पडला तर देव पावला, आणि भीमाशंकरी शंभर इंचांच्या वर कोसळतो. ओढे चढतात, दगड शेवाळतात, समोरची वाट ढगात जाते. हौशी मंडळींनी जावे. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने नव्हे. फेब्रुवारी उलटली की पाणी आटते. दिवाळीनंतरचे दोन महिने सगळ्यांत उत्तम. अभयारण्यात शिरताना वनखात्याच्या चौकीवर नोंद करावी, जे शुल्क असेल ते भरावे, आणि रानात मुक्काम किंवा चूल करू नये. विस्तव टाळण्याचे आणखी एक कारण आहे: धुराने आग्या मोहोळ उठते. अत्तर-सेंटही त्याच भीतीने घरी ठेवावे. वाघरू म्हणजे बिबट्या या रानात आहे, पण माणसाला बिबट्यापेक्षा मधमाशांचे भय अधिक.

तयारी एक महिना आधी सुरू करावी. डोंगर नसला म्हणून अडत नाही. करमाळ्याला कमलाभवानीच्या देवळापाशी ९६ पायऱ्यांची विहीर आहे. आठवड्यातून दोनदा देवदर्शन करून ती सावकाश उतरावी आणि चढावी. रोज सकाळी पाठीवर चार-पाच किलोचे ओझे घेऊन तासभर चालावे. त्याआधी अण्णांचा रक्तदाब, साखर आणि छाती डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. डॉक्टर नको म्हणाले तर हा लेख त्यांच्यापुढे नाचवू नये. गुडघ्यावर पट्टा आणि हाती मजबूत काठी घ्यावी. नवे बूट वाटेवर पहिल्यांदा घालणे हा पायांवर जाणूनबुजून केलेला अत्याचार आहे.

शिदोरीच्या बाबतीत सोलापूर जिल्ह्याला कुणी शिकवावे असे नाही. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांच्या तोडीचे प्रवासी अन्न मला अजून सापडलेले नाही: चार दिवस टिकते, गळत नाही, वजनाला हलके. पहिल्या दिवसासाठी दशम्या किंवा धपाटे, खिशात गूळ-शेंगदाणे, लिंबू, मीठ-साखर. माणशी दोन लिटर पाणी. अंगावरचे धरून कपड्यांचे दोन जोड, एक उबदार पांघरूण, विजेरी, शिटी, रोजची औषधे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत. ज्याची पिशवी त्याने उचलावी. अण्णांची मात्र नातवाने अर्धी घ्यावी आणि ते अण्णांना कळू देऊ नये.

पत्राच्या शेवटी बाईंनी शिध्याचा हिशेब जोडला आहे: भाकऱ्या इतक्या, चटणी इतकी. मी तो दोनदा तपासला. सगळा तीन माणसांचा आहे. अण्णा, मुलगा, नातू. ज्यांनी वाटा विचारल्या, गुडघ्याची काळजी वाहिली, भाकऱ्या मोजल्या, त्यांचे पान त्यात नाही. वर मी चार माणसे धरली आहेत ती मुद्दाम. घरी गाय-म्हैस असेल तर शेजारी चार दिवस धार काढतील. आणि आहुपे घाटाने उतरायला कुणी हवे ना? यजमान अण्णांबरोबर एस. टी.ने जाणार, चिरंजिवांना एकट्याला धाडणे योग्य नाही. बाईंनी पंजाबी पोशाख आणि पक्के बूट घालून, वाटाड्याला पुढे ठेवून, मुलासह खुशाल खोपिवलीला उतरावे. वाटाडा आहुप्याचाच घ्यावा आणि त्याने खोपिवलीपर्यंत सोबत यावे, असे आदल्या रात्री ठरवावे.

राहिले अण्णा. त्यांची एस. टी. घोडेच्या खोऱ्यातून डिंभे धरणाच्या बाजूने जाईल. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे. १९३० साली मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे प्राण दिलेला तो तरुण याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. तालुक्याचे नाव आंबेगाव, पण ज्या आंबेगावावरून ते पडले ते गाव आज याच पाण्याखाली आहे आणि कचेरी घोडेगावात आहे. मुलाने ही गोष्ट अण्णांना आधी सांगून ठेवावी, म्हणजे त्यांना वाटले तर वाटेत उतरून पाण्याकाठी थोडे थांबता येईल. पुढची गाडी केव्हा आहे तेवढे मात्र कंडक्टरला विचारूनच उतरावे. या रस्त्याला गाड्या थोड्या आहेत.