यंत्राचा वेग आणि माणसाचा विवेक
धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांचा बळी घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याचे बंधन घातले. २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ते एकावर आणले. बंधन योग्यच, परंतु त्याने अफवेचा वेग मंदावतो, अफवा मरत नाही. नव्या साधनांचे आम्ही स्वागतच करतो. मात्र आज प्रत्येकाच्या हाती छापखाना आला, शहानिशा करणाऱ्या संपादकाची जबाबदारी कोणीच पत्करली नाही. ती सुशिक्षितांनी प्रथम पत्करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.