कॅमेऱ्याला आधी पांढरं दाखवा!

मागच्या आठवड्यातला गृहपाठ झाला ना? मग आज जरा वेगळ्या पाण्यात उतरू या.

आठवीतल्या एका वाचक मित्राचं पत्र आलंय. सुट्टीत तो अमेरिकेत न्यू जर्सीला काकांकडे गेला होता. काकांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी आहे आणि तिच्यात जिवंत प्रवाळ आहेत. तो लिहितो, "डोळ्यांना हिरवे, केशरी, जांभळे दिसणारे प्रवाळ फोटोत मात्र सगळे निळेच! बाई, मोबाइल बिघडलाय का?"

नाही रे बाबा, मोबाइल अगदी ठणठणीत आहे! त्याला फक्त एक गोष्ट कुणी सांगितलेली नाही. कोणती? पाहू या.

प्रवाळ म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. आजीच्या अंगठीतलं पोवळं पाहिलंय ना? ते एका प्रकारच्या प्रवाळाच्या सांगाड्यापासून बनतं. प्रवाळ दिसतात झाडासारखे, पण असतात प्राणी. एकेका वसाहतीत असे शेकडो-हजारो चिमुकले जीव एकत्र राहतात. उथळ, उबदार समुद्रातल्या बऱ्याच प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला खाऊ घालतं. म्हणजे पाहुणाच यजमानाला जेवू घालतो! समुद्रात खोल जावं तसा लाल रंग आधी नाहीसा होतो आणि निळा उरतो. शैवालाला हा निळा उजेड चालतो, म्हणून टाकीवर निळसर दिवे लावतात. शिवाय निळ्या उजेडात काही प्रवाळ हिरवे, केशरी चमकतात.

आता गंमत पाहा. शाळेचा पांढरा सदरा बल्बखाली घाला, ट्यूबलाइटखाली घाला किंवा उन्हात घाला. तुम्हाला तो पांढराच दिसतो, कारण मेंदू आपोआप हिशेब करतो. कॅमेराही असा हिशेब करतो. त्याला 'व्हाइट बॅलन्स' म्हणतात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. साधा पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विन, दुपारचं ऊन साधारण ५५००. बहुतेक कॅमेऱ्यांची पट्टी १०,००० च्या आसपास संपते आणि टाकीवरच्या दिव्यांवर मात्र १४,०००, २०,००० असे आकडे असतात! बिचाऱ्या कॅमेऱ्याचा हिशेब तिथेच चुकतो.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याला सांगायचं, "हे बघ, हे पांढरं!" टाकीच्या दिव्यांत पांढऱ्या उजेडाची सोय असेल, तर फोटोपुरता तो वाढवा. मग स्वच्छ पांढरी प्लास्टिकची पट्टी प्रवाळाजवळ धरायला काकांना सांगा. (टाकीत हात घालायचा तो काकांनीच!) कॅमेऱ्यात 'कस्टम व्हाइट बॅलन्स' असेल, तर त्या पट्टीचा फोटो घेऊन तो ठरवा. मोबाइलमध्ये 'प्रो' मोड उघडा आणि पट्टी पांढरी दिसेपर्यंत केल्विनचा आकडा वाढवत न्या. आकडा संपला तरी निळेपणा जात नाही? मग पिवळसर केशरी जिलेटीन कागदाचा न चुरगळलेला तुकडा भिंगापुढे धरा. तो जादा निळा उजेड अडवतो.

रंगाचं झालं. आता उजेड किती घ्यायचा? त्यासाठी नळावर चला. नळ किती उघडला, ते अ‍ॅपर्चर. किती वेळ उघडा ठेवला, तो शटरचा वेग. आणि भांडं केवढं, तो आयएसओ. आयएसओ १०० म्हणजे मोठी कळशी, तिला भरपूर उजेड लागतो. आयएसओ ८०० म्हणजे छोटी वाटी, ती चटकन भरते. पण वाटी फारच छोटी घेतली, तर फोटोत दाणे दाणे दिसू लागतात.

समजा, १/६० सेकंद आणि आयएसओ ४०० ला फोटो छान उजळ येतोय, पण पाण्यामुळे प्रवाळ हलताहेत. मग वेळ निम्मा करा, १/१२५ सेकंद. उजेडही निम्माच आला, म्हणून भांडंही निम्मं घ्या, म्हणजे आयएसओ ८००. झालं गणित! सुट्या भिंगाच्या कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर एफ/८ च्या आसपास ठेवा, म्हणजे पुढचं-मागचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येईल. मोबाइलमध्ये बहुधा ते बदलता येत नाही. तिथे बाकीच्या दोन गोष्टींवरच खेळायचं.

फोटो काढण्यापूर्वी एवढं करा

१. काच आतून-बाहेरून स्वच्छ हवी. बोटांचे ठसे फोटोत हमखास येतात.
२. फ्लॅश बंद! नाहीतर काचेत फक्त लखलखाट दिसेल.
३. खोलीतले दिवे मालवा, गडद कपडे घाला. नाहीतर प्रवाळाबरोबर तुमचंही भूत फोटोत येईल.
४. कॅमेरा काचेसमोर अगदी सरळ धरा. तिरका धरला, तर चित्र फाटल्यासारखं, धूसर येतं.
५. पाणी हलवणारे पंप काकांना पाचेक मिनिटं बंद करायला सांगा आणि आठवणीने पुन्हा सुरू करवा. टाकीतल्या जिवांना प्राणवायू लागतो.
६. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा. नसेल तर पुस्तकांच्या चळतीवर ठेवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढा खटाटोप कशाला? फोटो निळा आला तर काय बिघडलं?

बिघडतं, मुलांनो. प्रवाळाचा रंग म्हणजे त्याची तब्येत. समुद्राचं पाणी फार तापलं, की प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. जेवू घालणारा पाहुणाच गेला, की उपासमार सुरू! जगातल्या अनेक समुद्रांत एकाच काळात प्रवाळ पांढरे पडत असल्याची चौथी मोठी घटना शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये जाहीर केली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या 'कोरलवॉच' या प्रकल्पाने तर रंगांचा एक तक्ताच तयार केलाय. प्रवाळाशेजारी तो धरायचा आणि १ ते ६ मधली कोणती छटा जुळते ते लिहायचं. १ म्हणजे सगळ्यात फिका. हे काम शाळकरी मुलंही करू शकतात. आता सांगा, फोटोच खोटा रंग दाखवत असेल, तर आजारी प्रवाळ ओळखायचा कसा? म्हणून फोटो नुसता भडक नको, खरा हवा. आणि कोणत्या उजेडात काढला, तेही खाली लिहायला हवं.

पालकांसाठी दोन शब्द. मुलं हे वाचून प्रवाळाची टाकी मागतील. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्रातल्या प्रवाळांना वाघाच्याच रांगेत, पहिल्या अनुसूचीत बसवलंय. ते तोडणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडाही घरी आणू नका. आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रातही प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून तिथे मालवण सागरी अभयारण्य आहे. त्यांचं घर तिथेच. आपण पाहायचं, पण हात लावायचा नाही.

करून पाहा

पांढऱ्या ताटलीत एक पिवळं लिंबू आणि एक हिरवी मिरची ठेवा. खिडकीजवळ, ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या बल्बखाली एकेक फोटो काढा. तिन्ही वेळा केल्विनचा आकडा ५५०० च ठेवा. मग पुन्हा तीन फोटो काढा, पण प्रत्येक वेळी ताटली पांढरी दिसेल असा आकडा निवडा. सहाही फोटो शेजारी शेजारी ठेवा आणि कोणत्या फोटोतलं लिंबू खरं, ते ठरवा. घरी गोड्या पाण्यातल्या गप्पी किंवा गोल्डफिश असतील, तर नंतर त्यांच्यावर हात बसवा. मासे चपळ असतात, म्हणून शटर १/१२५ किंवा त्याहून जलद ठेवा.

निवडलेले आकडे वहीत लिहून मला कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमच्या,
कॅमेऱ्याच्या बाई